मोडीची वही : श्रावणातली नोंद

जुन्या मराठी कागदांची मोडी लिपी शिकतोय. त्यावरच्या मागच्या नोंदीनंतर दोघातिघांनी विचारलं, "आता कागद सलग वाचता येतात का?" नाही येत. आणि सध्या त्याची घाईही नाही. या खेपेला मोडीच्या परीक्षेचा फॉर्म भरला नाही. रोज किती ओळी वाचता आल्या ते वहीच्या समासात टिपायचो, तेही सोडून दिलं. आकडा वाढता ठेवायचा तर सोपेच कागद उचलावे लागतात. पत्राच्या मायन्यातलं तेच ते 'राजमान्य राजेश्री', न वाचताही कळणारं. आपल्याच पुण्यात पेशवे दफ्तरात, म्हणजे पेशवाईच्या जुन्या कागदांच्या संग्रहात, कोट्यवधी कागद पडलेत. ते वाचून संपवायला कुणाचंच आयुष्य पुरणार नाही, मग धावायचं कशाला?

सकाळचा वेळ बोरूचा. अप्पा बळवंत चौकातून आणलेलं कटनिब आहे घरी, पण बोरूच्या कुरकुरीची मजा त्याला नाही. टोक तिरकं छाटायचं, मधोमध बारीक चीर द्यायची. चीर लांबली की शाई भसकन उतरते. आधी कागदभर शिरोरेघा ओढून घ्यायच्या आणि मग अक्षरं त्यांना टांगत जायचं. काना अक्षराच्या पायथ्यातूनच वर वळवत रेघेला भिडवायचा, म्हणजे हात उचलावा लागत नाही. हे पुस्तकात कधीच वाचलं होतं, मनगटाला कळलं ते 'का, ता, मा' पानभर गिरवल्यावर. एकदा लय लागली की थांबवत नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात आणि घरात बोलणी बसतात, ती वेगळी.

वाचनात सध्या एकच कागद धरलाय. मोडीच्या वर्गातल्या एका काकूंनी त्यांच्या घरच्या जुन्या रुमालातल्या (कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यातल्या) खर्चाच्या यादीची झेरॉक्स दिली. वर साल आहे 'खमस समानीन मया व अलफ'. पाच, ऐंशी, शंभर, हजार, म्हणजे शुहूर सन ११८५. ही तेव्हाच्या कागदांतली अरबी आकड्यांची कालगणना. वर्ष मृगापासून बदलतं, म्हणून इसवी सन काढायला मृग ते डिसेंबरसाठी ५९९ मिळवायचे आणि पुढच्या महिन्यांसाठी ६००. आलं १७८४-८५, सवाई माधवरावांचा काळ. यंत्रावर एका क्षणात होईल हे, पण बोटांवर मोजत सालापर्यंत पोचण्यात गंमत आहे.

यादीतल्या एका ओळीवर तर अख्खी संध्याकाळ गेली. मोडीत दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ इकाराचा फरकही नाही. तिथे एका दमात लिहिलंय 'तेलदिवेलागणिस' आणि पुढे एक उभा दंड. दंड सोपा, एक म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. अडलं ते आधीचं. आमच्यातला एक जण म्हणाला, "दिवेला गणीस... हा गणी कोण? घरगडी असणार." मग त्या गणीला पाव शेर तेल का दिलं, यावर गंभीर चर्चा झाली. शेवटी काकू म्हणाल्या, "अहो, दिवेलागणीस! संध्याकाळच्या दिव्यांचं तेल आहे ते." उत्तर मिळालं याचा आनंद झालाच, पण खरं सांगायचं तर गणी गेल्याची चुटपुटही लागली.

इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९१० साली उभ्या केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात सदाशिव पेठेत एक फेरी मारायची आहे. 'तिथे जाऊन शोधणार काय?' असं घरी विचारतात. काहीच नाही, वेगवेगळ्या हातांची वळणं बघायची आहेत. एकच 'र' मागच्या-पुढच्या अक्षराप्रमाणे किती तऱ्हांनी वळतो, ते चांगल्या लेखकूच्या हातचं बघायचंय.

तूर्त शाईवर अडलोय. काजळी आणि डिंक घेऊन घरीच करतोय, पण वाळल्यावर कागद दुमडला की अक्षरांचे पापुद्रे निघतात. डिंक जास्त होतोय की काजळी नीट खलली जात नाही? ज्यांनी केलीय त्यांनी प्रमाण सांगा.