कमी बजेटमध्ये मोठा टीव्ही: चित्रासाठी कुठे पैसे मोजले, कुठे नाही

बजेटमध्ये दोन टीव्ही बसत होते. एक ५५ इंची, फुल अरे लोकल डिमिंगवाला (पडद्यामागचे दिवे गटागटाने मंद करून काळा भाग काळा ठेवायची सोय). दुसरा ६५ इंची, लोकल डिमिंग नसलेला. बाकी कागदावर दोन्ही सारखेच: ४के, एचडीआर (एकाच चित्रात खूप उजळ आणि खूप गडद भाग दाखवायचं तंत्र), स्मार्ट.

आधी आकाराचा हिशेब केला. ५५ वरून ६५ म्हणजे दहाच इंच वाटतात, पण पडद्याचं क्षेत्रफळ जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढतं. ६५ इंची पडदा सुमारे १४४ सेंटीमीटर रुंद आणि ८१ सेंटीमीटर उंच असतो. बसायचं अंतर कर्णाच्या दीडपट धरलं, तर ५५ ला २.१ मीटर आणि ६५ ला २.५ मीटर येतं. माझं अंतर २.६ मीटर, म्हणजे ६५ बसत होता. मात्र पडद्याच्या रुंदीसोबत पायांमधलं अंतरही मोजा. बऱ्याच स्वस्त मॉडेलांचे पाय अगदी टोकांना असतात आणि टेबल तोकडं पडतं.

मग पॅनल, म्हणजे चित्र उमटतं तो पडदा. स्वस्त टीव्हीत सर्वांत जास्त फरक इथेच पडतो आणि खोक्यावर नेमकं हेच छापलेलं नसतं. त्याचे व्हीए आणि आयपीएस असे दोन मुख्य प्रकार. व्हीए पॅनलचा मूळ कॉन्ट्रास्ट (पांढरा काळ्याच्या किती पट उजळ) साधारण ३००० ते ६००० ला १, तर आयपीएसचा १००० ला १ च्या आसपास. दिवे मालवून सिनेमा पाहिला की आयपीएसवर रात्रीचं आकाश राखाडी दिसतं. उलट व्हीएचे रंग बाजूला बसलेल्याला फिके दिसतात. खोलीत माणसं पसरून बसत असतील तर आयपीएस घेण्यात चूक नाही. आमच्याकडे सगळे समोरच बसतात. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या आकारांत वेगवेगळी पॅनलं असू शकतात, त्यामुळे ५५ इंचीचं कौतुक वाचून ६५ घेऊ नये. ओळखायची सोपी खूण: गडद चित्र लावून ४५ अंशांतून बघायचं. रंग उडाले तर बहुधा व्हीए, काळ्यावर धुरकट चकाकी आली तर आयपीएस.

एचडीआरच्या शिक्क्याला मी शून्य गुण दिले. एचडीआर १० किंवा डॉल्बी व्हिजन लिहिलंय याचा अर्थ टीव्ही तो सिग्नल घेतो, एवढाच. पुष्कळसे एचडीआर सिनेमे-मालिका १००० निट्स (उजेडाचं एकक) गृहीत धरून तयार होतात आणि या वर्गातले टीव्ही बहुधा २५० ते ३५० निट्स देतात. मग टीव्ही सगळ्याच चित्राचा उजेड खाली आणतो आणि साध्या चित्रापेक्षा ते अंधारं दिसतं. एचडीआरचा खरा फरक दिसायला ६०० निट्स किंवा त्याहून जास्त उजेड आणि सोबत लोकल डिमिंग, दोन्ही हवं. त्यातही झोन (एकत्र मंद होणारे दिव्यांचे गट) मोजकेच असले तर पांढऱ्या सबटायटलभोवती प्रभावळ दिसते. ५५ इंचीतले झोन थोडेच होते, म्हणून ते वैशिष्ट्य माझ्या लेखी निम्म्या किमतीचं झालं.

रिफ्रेश रेटच्या (सेकंदाला पडदा किती वेळा नवं चित्र दाखवतो) नावाखाली छापलेले मोठमोठे आकडे वाचूच नका. पॅनल खरोखर ६० हर्ट्झ आहे की १२०, एवढंच विचारा. गेमिंग नसेल तर ६० चालतो. फक्त २४ फ्रेमच्या सिनेमात कॅमेरा आडवा फिरताना चित्र किंचित अडखळतं. सॉफ्टवेअर आणि आवाज यांसाठी जादा पैसे दिले नाहीत. अॅप मंदावली तर स्ट्रीमिंग स्टिक लावता येते, आवाज पातळ असेल तर साउंडबार. पॅनल मात्र नंतर बदलता येत नाही.

दुकानात पेन ड्राइव्ह घेऊन गेलो. त्यात तपासणीच्या स्लाइड: ५ टक्के आणि ५० टक्के राखाडी, पूर्ण काळा, पूर्ण पांढरा, लाल-हिरवा-निळा, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा सलग उतार आणि हिरव्या मैदानावरून कॅमेरा सरकतो असा एक व्हिडिओ. दुकानात टीव्ही डेमो मोडवर असतो, म्हणून रिमोट मागून तो आधी होम मोडवर आणायचा. राखाडीवर मळकट पट्टे किंवा डाग दिसले तर तेच मैदानावर सरकताना डोळ्यांत खुपतात. उतारात पायऱ्या दिसल्या तर पॅनलचे किंवा प्रोसेसिंगचे टप्पे कमी पडतात: ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा, १० बिटमध्ये १०२४. ६५ इंचीवर पुसट पायऱ्या होत्या, डाग जवळपास नव्हते. पायऱ्या चालवून घेतल्या, कारण त्या मुख्यतः संध्याकाळचं आकाश, धुकं अशा दृश्यांत दिसतात; डाग मात्र प्रत्येक सामन्यात दिसले असते. ६५ इंची व्हीए घेतला.

घरी आणताना खोकं उभंच ठेवायला सांगा. आडव्या पडद्याच्या मध्यावर भार येतो आणि काच दबते. टीव्ही मिळाल्याची सही करण्याआधी तो चालू करून पाहा. तडे बंद पडद्यावर बरेचदा दिसतच नाहीत. तासभर चालवून मग अंधारात काळी स्लाइड लावा, कारण गरम झाल्यावर कोपऱ्यांतली उजेडाची गळती बदलते.

सेटिंगमध्ये व्हिव्हिड सोडून मूव्ही मोड, कलर टेंपरेचर वॉर्म, शार्पनेस शून्याजवळ, नॉइज रिडक्शन बंद. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटतं, मग डोळे सरावतात. काही टीव्हींवर ब्राइटनेस ही काळ्याची पातळी असते, म्हणजे काळा किती गडद दिसावा ते ठरवते. तिला हात लावला नाही. उजेड बॅकलाइटने (पडद्यामागच्या दिव्यांनी) ठरवायचा: दिवसा ७०, रात्री ४०. सतत १०० वर ठेवला तर एलईडी पट्ट्या तापतात, आणि स्वस्त टीव्हीत बहुधा त्याच आधी जातात. केबलचे जुने एसडी (कमी स्पष्टतेचे) चॅनल ६५ इंचांवर वाईटच दिसतात, त्यावर कुठलंही सेटिंग नाही.

माझ्या पॅनलच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात थोडा ढगाळपणा आहे. काळ्या पडद्यावर श्रेयनामावली सरकते तेव्हाच दिसतो. परत करायची मुदत होती, तरी ठेवला; बदलून येणारं पॅनल डागाळलेलं निघालं असतं तर सौदा तोट्याचा झाला असता.