गारचॉम्पचे ३२ ईव्ही आणि मोंढ्यातला सौदा

पोळ्याच्या आधीचा आठवडा

पोकेमॉनच्या लढाईच्या खेळातली माझी टीम मागच्या वेळचीच आहे. व्हिम्सिकॉट, गारचॉम्प, इन्सिनरोर, अमूंगस, रिलाबूम, आणि सहावी जागा अजून कुणालाच मानवत नाही. स्कार्लेट-व्हायोलेट या गेमचे डबल्स (दोन्हीकडून एका वेळी दोन-दोन पोकेमॉन), लेव्हल ५०, शोडाऊन या सामने खेळायच्या वेबसाइटवर, मोबाईलच्या ब्राऊजरमध्ये. परभणीच्या नव्या मोंढ्यात मी एका आडतीवर हिशोब लिहायला बसतो. मुगाची थोडीफार आवक सोडली तर या दिवसांत मोंढ्यात माश्या मारायचंच काम असतं. सोयाबीन यायला अजून महिना-दीड महिना. म्हणून म्हटलं, या मोसमात एकच गोष्ट नीट समजून घ्यायची, स्पीड, म्हणजे टर्नमध्ये आधी कोण जाणार ते ठरवणारा आकडा.

आधी कबुली देतो. दोन वर्षं मी जो दिसेल त्या पोकेमॉनला स्पीडमध्ये २५२ ईव्ही टाकत आलो. ईव्ही म्हणजे पोकेमॉनच्या गुणांत आपण वाटून टाकायचे पॉइंट, एका गुणात जास्तीत जास्त २५२. कुणी विचारलं तर म्हणायचो, आधी मारला तर पुढचा मारणारच नाही. ऐकायला बरं वाटतं. पण ढिगाशेजारी उभं राहून ज्यानं सौदा ऐकलाय त्याला यातली खोट कळायला पाहिजे होती, आणि मी तर रोज ऐकतो. माल त्याला मिळतो ज्याची बोली दुसऱ्यापेक्षा वर आहे. पाच रुपयांनी वर असली तरी माल त्याचाच, दोनशेनं वर असली तरी त्याचाच. मधले एकशे पंच्याण्णव खिशातून गेले. कुणी उगाच मोठी उडी मारली की आमचे शेठ हळूच म्हणतात, "पैसे उतू चाललेत बघ याचे." माझे ईव्ही तसेच उतू चालले होते.

तर गारचॉम्प घेतला आणि रद्द पावतीच्या मागे मांडणी केली. बेस स्पीड १०२. दुप्पट २०४, आयव्हीचे (पोकेमॉनचे जन्मजात पॉइंट, ० ते ३१) ३१ मिळवले, २३५. लेव्हल ५० म्हणून निम्मे, ११७, अर्धा सोडून द्यायचा. वर ५. झाले १२२. हा ईव्ही न टाकता. २५२ टाकले की चार ईव्हीला एक असे ६३ आणखी मिळतात, २९८ चे निम्मे १४९, अधिक ५, १५४. नेचर म्हणजे स्वभाव, एक गुण दहा टक्के वाढवतो, दुसरा तेवढाच घटवतो. स्पीड वाढवणाऱ्या जॉली नेचरचे १.१ लावले की १६९.४, पुन्हा अपूर्णांक गेला, १६९.

आता पलीकडे कोण? भाच्याच्या टीममध्ये पाण्याचा अर्शिफू आहे, बेस ९७. त्यानं सगळं ओतलं तरी १४९ गुणिले १.१, म्हणजे १६३. मला त्याच्यापेक्षा एकच वर पाहिजे, १६४. आणि इथं मजा झाली. जॉली गारचॉम्पला १६४ येतच नाही! नेचरच्या आधीचा आकडा १४९ असेल तर १६३ येतात, १५० असेल तर एकदम १६५. दहाच्या पटीवर गेलं की एक जास्तीचा पदरात पडतो. ज्यांना हे आधीपासून माहीत आहे त्यांनी हसावं, मला या वर्षी कळलं.

१५० आणायला २२० ईव्ही पुरतात. ५५ मिळाले, २९० चे निम्मे १४५, अधिक ५. म्हणजे ३२ ईव्ही वाचले. अटॅकचे २५२ धरून उरलेले सगळे एचपीत, म्हणजे जिवात, टाकले तर १८४ चे १८८ होतात. चार एचपी. चारात काय होतंय म्हणाल तर परवाच एकदा गारचॉम्प ३ एचपीवर वाचला आणि त्यानंच शेवटचा घाव घातला.

पण ही कमाई फुकटची नाही. १६५ आणि १६९ च्या मध्ये लोक उभे आहेत. बेस १०० चे सगळे, म्हणजे चॅरिझार्ड, झॅपडॉस वगैरे, पूर्ण स्पीडला १६७ वर असतात. समोरचा गारचॉम्प १६९ वर असेल तर तोही पुढे. भाच्याशी खेळताना २२० पुरेसे, लॅडरवर, म्हणजे अनोळखी लोकांशी रँकिंगच्या सामन्यांत, नाहीत. ढीग कुणाच्या विरोधात घेतोय हे बघूनच बोली लावायची.

महालक्ष्म्या जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी

ताई आणि भाचा सेलूहून आले होते. भाचा नववीत आहे. घरात पुरणाचा आणि सोळा भाज्यांचा वास, आई आंबील ढवळायली, आणि आम्ही दोघं माडीवर एकाच हॉटस्पॉटवर.

त्याची टीम ट्रिक रूमची, म्हणजे हा मूव्ह लागला की रांग उलटते, मंद असेल तो आधी जातो. फारिजिराफ ट्रिक रूम लावतो आणि शेजारी कॉन्केल्डर. माझा पहिला विचार, इन्सिनरोरचा फेक आऊट (आधी जाऊन समोरच्याचा तो टर्न वाया घालवणारा मूव्ह) मारून फारिजिराफला थांबवू. थांबतच नाही. त्याची आर्मर टेल ही अ‍ॅबिलिटी त्याच्या बाजूवर येणारे प्रायॉरिटी मूव्ह, म्हणजे स्पीड न बघता आधी जाणारे, अडवते. हे मी वाचलेलं होतं आणि तरी दोनदा फेक आऊट मारला. असो.

मग ठरवलं, ट्रिक रूम लागू दे. माझा अमूंगस मुळातच मंद, बेस ३०. उलट्या रांगेत तोच आधी जाईल आणि कॉन्केल्डरला स्पोर मारून झोपवेल. पहिल्या सामन्यात झालंही तसंच. दुसऱ्या सामन्यात कॉन्केल्डर आधी आला आणि त्याचा आइस पंच अमूंगसच्या डोक्यात बसला. तिसऱ्यात पुन्हा मी आधी. चौथ्यात पहिल्या टर्नला मी, पुढच्या टर्नला तो.

"नेटवर्क बघ रे," मी म्हणालो.

"मामा, नेटवर्कनं कुणी आधी जातंय का? काहून उगं काहीबी बोलायलास?"

खरं होतं. मग एकेक शंका काढत गेलो. मॅक पंच असेल तर प्रायॉरिटीनं आधी जाणारच, पण मार तर आइस पंचचा होता. क्विक क्लॉ (कधीमधी आधी जाऊ देणारी वस्तू) असेल तर तसा मेसेज येतो, तो आला नव्हता. शिवाय त्याच्या हातात असॉल्ट वेस्ट ही दुसरीच वस्तू होती, त्यानं दाखवलं. अकरा वेळा मोजलं. सहा वेळा मी आधी, पाच वेळा तो. हा आकडा बघितल्यावरच खरं तर डोक्यात उजेड पडायला पाहिजे होता. पडला तो पोराच्या डोक्यात.

"तुझ्या अमूंगसची आयव्ही किती आहे?"

उघडून बघितलं. ३१. शोडाऊनमध्ये टीम बांधताना सगळीकडे आपोआप ३१ भरलेले असतात. मी रिलॅक्स्ड नेचर दिला, स्पीड कमी करणारा, आणि काम झालं म्हणून मोकळा झालो. आयव्ही शून्य करायची राहिली. आता दोघांचा हिशोब बघा. माझा अमूंगस, ६० अधिक ३१, ९१ चे निम्मे ४५, अधिक ५, ५०. नेचरचे ०.९ लावून ४५. त्याचा कॉन्केल्डर, बेस ४५, त्याची आयव्ही शून्य, ९० चे निम्मे ४५, अधिक ५, ५०. त्यालाही मंद करणारा नेचर, तोही ४५.

बरोबरी! आणि बरोबरी असली की गेम दर टर्नला नव्यानं नाणं उडवतो. बेस ३० चा माझा आणि बेस ४५ चा त्याचा, दोघं एकाच आकड्यावर येऊन बसले, ते माझ्या आळसामुळे. आयव्ही शून्य केली की अमूंगस ३१ वर उतरतो आणि ट्रिक रूममध्ये कॉन्केल्डरच्या आधी जातो, दरवेळी. केली. त्यानंतरच्या तीन सामन्यांत कॉन्केल्डर घोरतच होता. ताई खालून ओरडली, "जेवायला येताव का दोघं, का तिथंच महालक्ष्मीसारखं बसवू?"

शोडाऊनवर हे एका टिचकीत होतं. खऱ्या गेममध्ये असं होत नाही, कारण हायपर ट्रेनिंगनं आयव्ही वर नेता येते, खाली आणता येत नाही. मंद पोकेमॉन पाहिजे तर तसाच पकडावा किंवा ब्रीडिंग करून काढावा लागतो. कॅसेटवर खेळणारे आपल्यातले दोघं-तिघं यावरून किती वैतागतात ते आता कळलं.

आणखी एक त्याच दिवशी पक्कं झालं. ट्रिक रूम ५ टर्न म्हणतात, पण लावलेला टर्न त्यातच धरतात. तिची प्रायॉरिटी उणे ७, म्हणजे सगळ्यांच्या शेवटी, त्यामुळे लागेपर्यंत तो टर्न संपलेलाच असतो. हाती उरतात ४. यातले दोन टर्न प्रोटेक्ट करून आणि अदलाबदली करून काढले तर भाच्याचा चेहरा उतरतो. यावर पुढच्या वेळी सविस्तर.

अनंत चतुर्दशीनंतर

आता टेलविंडकडे. हा मूव्ह लावला की आपल्या बाजूची स्पीड दुप्पट, ४ टर्न. माझ्याकडे व्हिम्सिकॉट लावतो, त्याच्या प्रँकस्टर या गुणामुळे त्याचे असले मूव्ह एक पायरी आधी जातात. जुने व्हिडिओ बघून मी समजत होतो की टेलविंडचा फायदा पुढच्या टर्नपासून. पूर्वी तसंच होतं. २०१९ च्या स्वॉर्ड-शील्डपासून प्रत्येक मूव्हनंतर क्रम पुन्हा लावला जातो, म्हणजे त्याच टर्नला शेजारचा गारचॉम्प दुप्पट वेगानं सुटतो. लावलेला टर्न वाया जात नाही. ट्रिक रूम आणि टेलविंड यांच्यातला हा फरक मला कागदावर कधी दिसला नाही, खेळताना दिसला.

दुप्पट झाल्यावर सौद्याचे आकडे सगळेच बदलतात. फ्लटर मेन घ्या, बेस १३५, पूर्ण स्पीडला २०५. टेलविंडमध्ये तिच्यापुढे जायला मला १०३ पुरतात. रिलाबूमला एकही ईव्ही न टाकता १०५ आहेत, दुप्पट २१०. म्हणजे रिलाबूमच्या स्पीडमध्ये मी इतके दिवस जे टाकत होतो ते सगळं एचपीत गेलं असतं. वाईट वाटलं.

पण फ्लटर मेनच्या हातात बूस्टर एनर्जी ही वस्तू असेल आणि ती स्पीडला लागली तर दीडपट, ३०७. आता गारचॉम्पची गंमत बघा. जॉली सोडून अटॅक वाढवणारा अ‍ॅडमंट केला, स्पीडमध्ये पूर्ण २५२ ठेवले, तर १५४. दुप्पट ३०८. एकानं वर! हा आकडा आला तेव्हा दुकानात मी एकटाच होतो आणि मोठ्यानं "घे!" म्हणालो. समोरचा हमाल दचकला. मला यासाठी जॉलीची गरजच नाही, आणि अटॅकला दहा टक्के वरून मिळाले. अर्थात आधी गेला म्हणून एकट्या अर्थक्वेकनं ती दरवेळी पडेलच असं नाही. बऱ्याचदा थोडक्यात वाचते. शेजाऱ्यानं आधी थोडं खरवडलेलं पाहिजे.

इथं २५२ पूर्ण टाकले म्हणून कुणी म्हणेल, मग तुझ्या काटकसरीचं काय? पण इथं ते मोजून टाकलेत. एक पायरी खाली उतरलो तर १५३, दुप्पट ३०६, आणि गेलो.

मधल्या काही नोंदी

वहीत आता एक वेगळं पान केलंय, फक्त "कोण आधी गेला" एवढंच. उपयोग असा. दोन्हीकडचे पहिले दोन पोकेमॉन मैदानात उतरले की अ‍ॅबिलिटीचे मेसेज स्पीडच्या क्रमानं येतात. समोरही इन्सिनरोर असेल आणि त्याचं इंटिमिडेट (उतरताच समोरच्यांचा अटॅक घटवणारं) माझ्या आधी आलं, तर सामना सुरू व्हायच्या आत एक गोष्ट कळली. माझा ईव्हीशिवाय ८० वर आहे, म्हणजे त्यानं बहुधा थोडे तरी टाकलेत, किंवा बरोबरीत त्याचं नाणं लागलं. दुसऱ्यांदा बघून खात्री करायची. हवामानाचंही तेच. उन्हाचा टॉरकोल आणि पावसाचा पेलिपर एकाच वेळी उतरले तर जो मंद त्याची अ‍ॅबिलिटी नंतर लागते, म्हणून टॉरकोलचं ऊन टिकतं. मंद असण्याचा असाही फायदा.

इन्सिनरोरच्या बाबतीत मात्र माझं डोकं दुखायलंय. ८० वर सगळे, म्हणून कुणी ४ ईव्ही टाकून ८१ केले. हे कळल्यावर दुसऱ्यानं १२ टाकून ८२. मग तिसऱ्यानं २०. लेव्हल ५० ला ३१ आयव्हीवर पहिला पॉइंट ४ ईव्हीत मिळतो आणि पुढचा प्रत्येक ८ मध्ये, त्यामुळे हा सौदा फारच स्वस्तात सुरू होतो आणि थांबायचं कुठं हे कुणालाच कळत नाही. मी २८ पर्यंत गेलो, ८४, आणि मग सगळं काढून शून्य केलं. माझा इन्सिनरोर सगळ्यांच्या मागून पार्टिंग शॉट (समोरच्याला कमजोर करून स्वतः बदली व्हायचा मूव्ह) मारून निघाला तरच बरं पडतं, येणारा नवा पोकेमॉन मार खायच्या आधी नाही, नंतर उतरतो. तीन दिवस मी ज्या सौद्यात बोली लावत होतो तो माल मला नकोच होता.

दसऱ्याच्या चार दिवस आधी

नवं सोयाबीन आलं. मोंढ्यात पाय ठेवायला जागा नाही, गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. ओलं म्हणून भावावरून भांडणं चालली आहेत आणि माझा मोबाईल दिवसभर गल्ल्याच्या कप्प्यात. लॅडर बंद. रात्री एखादा सामना झाला तर झाला.

काल रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला.

"मामा, अमूंगस ३१ वरच आहे ना अजून?"

"हो. का?"

"काही नाही, असंच. कॉन्केल्डर काढून टाकलाय मी."

"मग काय घेतलंस?"

फोन ठेवला पोरानं. सामना लावला तर फारिजिराफशेजारी टॉरकोल. बेस २०, आयव्ही शून्य असणारच. चाळीसचे निम्मे २०, अधिक ५, ०.९ लावून २२. अमूंगस कितीही खाली उतरवला तरी ३१. उन्हात दुसऱ्याच टर्नला माझं गवत जळालं. वहीत लिहून ठेवलंय, सहावी जागा, २२ च्या खालचं कोण, किंवा ट्रिक रूम लागूच न देणारं कोण. सोयाबीनची गर्दी ओसरली की बघतो.