याकिमाच्या मळ्यात राय आयपीए: हॉप्सच्या गावात धान्याची चव शोधताना

सप्टेंबरात सिएटलला जाणं झालं आणि बीअरची थोडीफार आवड असेल तर सगळे दिवस शहरातल्या टॅपरूम्समध्ये, म्हणजे ब्रुअरीच्याच बारमध्ये, घालवू नका, एक गाडी आणि एक न पिणारा माणूस गाठा आणि डोंगरापलीकडे वॉशिंग्टन राज्यातल्याच याकिमाला जा. तिथे हॉप्सचे मळे आहेत, हॉप्स म्हणजे बीअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी वेलीवरची बोंडं, आणि आम्ही गेलो ते तिथली राय आयपीए प्यायला, म्हणजे हॉप्सचा मारा असलेली बीअर (आयपीए) पण राय नावाचं धान्य घातलेली. आमच्याकडे न पिणारा माणूस म्हणजे भाऊजी. ते बीअरला कडू पाणी म्हणतात पण गाडी चालवायला कधी नाही म्हणत नाहीत, असा माणूस नात्यात मिळायला नशीब लागतं. ताई मात्र या विषयात पक्की. घरी बीअर बनवते, बीजेसीपीची म्हणजे बीअर जज व्हायची परीक्षा दिलीय, स्पर्धांना जज म्हणून बसते, त्यामुळे तिच्याबरोबर बीअर प्यायची म्हणजे आधी ग्लास उजेडाकडे धरायचा, मग हुंगायचा, मग परत हुंगायचा आणि तोपर्यंत आपला घसा कोरडाच.

सिएटलहून आय-९० ने निघालो तेव्हा तिथली ती नेहमीची रिपरिप चालू होती. स्नोक्वाल्मी पास साधारण ३,००० फुटांवर आहे, तिथपर्यंत दोन्ही बाजूंना काळीशार फरची झाडं आणि वायपर बंद करायची सोय नाही. घाट उतरायला लागलं की झाडी विरळ होत जाते आणि एलेन्सबर्ग येईपर्यंत आभाळ निळंभोर, डोंगर पिवळे पडलेले, आपण त्याच राज्यात आहोत यावर विश्वास बसत नाही. कॅस्केड रांग पॅसिफिकवरून येणारे ढग अडवते, म्हणून याकिमात वर्षाला जेमतेम ८ इंच पाऊस, सिएटलच्या साधारण पाचवा हिस्सा. एलेन्सबर्गपासून हायवे सोडून जुन्या कॅन्यन रोडने गेलो, याकिमा नदीच्या कडेकडेने वळणं घेत, वर बेसॉल्टचे कडे आणि खाली नदीत मांडीभर पाण्यात उभे राहून गळ टाकणारे लोक. भाऊजींच्या मते ट्रिप इथेच वसूल झाली, पुढे नाही गेलो तरी चालेल.

पण पुढे जायचंच होतं कारण पुढे हॉप्स. अमेरिकेत पिकणाऱ्या हॉप्सपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश वॉशिंग्टन राज्यात होतात आणि ते म्हणजे जवळपास हेच खोरं. कारण विचारलं तर उत्तर सोपं आहे. उन्हाळ्यात लांबच लांब दिवस, डोंगरावरचं बर्फ वितळून कालव्यांतून येणारं पाणी, आणि हवा कोरडी असल्यामुळे वेलीवर बुरशीचा त्रास कमी. याकिमातून पूर्वेला मॉक्सीकडे निघालात की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना १८ फुटांचे खांब, त्यांच्यावर तारा आणि तारांवरून खाली लोंबणाऱ्या दोऱ्यांना धरून चढलेल्या वेली. गाडीची काच खाली केली आणि वास आत आला, भाऊजीसुद्धा म्हणाले की हे काहीतरी चांगलं आहे.

एका मळ्यात तोडणी चालू होती, परवानगी विचारली तर एका माणसाने हसून आत घेतलं. वेल मुळापाशी कापतात, वरूनही कापतात, ट्रकमध्ये भरून शेडमध्ये आणतात आणि तिथे आकड्यांना उलटी टांगून मशीनमध्ये सोडतात. मशीन बोंडं ओरबाडून घेतं आणि पानं देठ बाजूला टाकतं. मग ती बोंडं भट्टीच्या मोठ्या जाळीदार जमिनीवर गुडघ्याच्या वर थर करून पसरतात आणि खालून साधारण ६० अंशांची गरम हवा सोडतात. तोडताना त्यांच्यात तीन चतुर्थांशापेक्षा जास्त पाणी असतं, ते दहाएक टक्क्यांवर आणायचं आणि मग गठ्ठे बांधायचे, एकेक गठ्ठा २०० पाउंडांचा. मी एक बोंड उचलून मधोमध फाडलं. पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी धमक पूड, तीच लुप्युलिन, कडवटपणा आणि सुगंध दोन्ही त्यातच. तळहातावर चोळलं तर आधी संत्र्याची साल, मग पाइनचा डिंक आणि सगळ्यात शेवटी थोडासा लसूण. ताई म्हणाली लसूण येतो म्हणजे जरा उशिरा तोडलंय. हात नंतर दोन वेळा साबणाने धुतले तरी चिकटच, आणि वेलीला हात लावू नका हे कोणी सांगितलं नव्हतं, तिच्या देठावर बारीक आकड्यांसारखे केस असतात, मनगटावर लाल रेघा उठल्या त्या संध्याकाळपर्यंत चुरचुरत होत्या.

आता मुद्द्याचं. आम्हाला प्यायची होती ती राय आयपीए. राय हे गहू-बार्लीच्या कुळातलं धान्य, थंडीत आणि हलक्या जमिनीत येणारं, उत्तर आणि पूर्व युरोपातला तो काळपट पाव होतो याचाच. १५१६ च्या बव्हेरियातल्या बीअरच्या कायद्यात फक्त बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढंच लिहिलंय, राय पावासाठी राखून ठेवायची असा त्यामागचा एक हिशोब सांगतात. अमेरिकेतल्या क्राफ्टवाल्यांना, म्हणजे छोट्या ब्रुअरीवाल्यांना, असल्या कायद्याशी काही घेणंदेणं नव्हतं, त्यांनी हॉप्सचा मारा असलेल्या आयपीएत राय घातली आणि बेअर रिपब्लिकची हॉप रॉड राय, फाउंडर्सची रेड्स राय अशी नावं लोकांच्या तोंडी बसली. रायचं प्रमाण साधारण १० ते २० टक्के असतं, त्याच्या फार वर कोणी जात नाही. का ते मॉक्सीजवळच्या ज्या टॅपरूममध्ये आम्ही बसलो तिथल्या ब्रुअरने सांगितलं. बार्लीच्या दाण्यावर तूस असतं, मॅश, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेलं दळलेलं धान्य, गाळताना तेच तूस चाळणीचं काम करतं. रायला तूस नाही, वर बीटा ग्लुकन हा चिकट पदार्थ भरपूर, त्यामुळे जास्त घातली की मॅशची अक्षरशः खळ होते आणि गाळणं अडकून बसतं. मग वेगळं आणलेलं भाताचं तूस मिसळायचं किंवा मॅश आधी ४०-४५ अंशांवर थोडा वेळ ठेवायचा म्हणजे एन्झाइम्स ते ग्लुकन तोडतात. तो म्हणाला राय बनवायच्या दिवशी मी दुसरं कुठलं काम ठरवत नाही.

ताईने एक हुशारी केली. राय आयपीएबरोबर त्याच ब्रुअरीची साधी आयपीए पण मागवली, दोन्ही छोट्या टेस्टर ग्लासात, आणि मला सांगितलं, "आधी साधी पी, मग राय, मग परत साधी. मध्ये पाणी पी. आणि काय लागतंय ते लगेच बोलू नकोस रे, घोट गिळ आणि नाकाने श्वास सोड."

दिसायला दोन्हींत फरक होताच. साधी आयपीए सोनेरी, राय तांबूस आणि किंचित धूसर, पण खरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे फेस. साधीचा फेस आम्ही गप्पा मारेपर्यंत खाली बसला, रायचा मात्र जाड, दाट, आणि जसजशी पातळी खाली जाई तसतशी काचेवर जाळी सोडत जाई. वासात मात्र राय कुठेच नाही. ग्रेपफ्रूट, पाइन, संत्र्याची साल, म्हणजे आत्ताच मळ्यात जे हुंगलं तेच. ग्रेपफ्रूटचा तो वास म्हणजे कॅस्केड, ताईने लगेच ओळखला. ही जात १९७२ साली बाहेर आली आणि अमेरिकन पेल एल, म्हणजे आयपीएपेक्षा जरा सौम्य बीअर, कशी असते हे तिनेच ठरवलं, आणि नाव त्याच डोंगररांगेचं जी आम्ही सकाळी ओलांडून आलो.

पहिल्या घोटालाही हॉप्सच पुढे. कडवटपणा चांगला ठसठशीत. आणि इथेच बहुतेक लोक चुकीच्या जागी राय शोधतात असं माझं स्पष्ट मत झालंय. लेबलवर स्पायसी लिहिलेलं असतं म्हणून लोक जिभेच्या टोकावर मसाला शोधतात, काहींना तर शहाजिरं पण लागतं, जे राय ब्रेडमध्ये वरून घातलेलं असतं, धान्यात नसतंच. राय लागते ती मधे आणि शेवटी. मधे म्हणजे घोट तोंडात असताना, त्याला एक वजन असतं, तेलकट म्हणता येईल असा गुळगुळीतपणा, साधी आयपीए त्याच्या शेजारी पातळ वाटायला लागली. आणि शेवटी, गिळल्यावर, कडवटपणा ओसरताना मागे एक कोरडी, करपलेल्या पावाच्या कडेसारखी चव राहते, त्यात मिरीची अगदी पुसटशी धार. हे सगळं मोजून दोन-तीन सेकंदांचं काम आहे. घाईघाईत दुसरा घोट घेतला की हॉप्स परत येऊन सगळं झाकून टाकतात आणि मग माणूस म्हणतो ह्यात राय कुठेय.

अजून एक. बीअर फ्रीजमधून काढल्या काढल्या पिऊ नका. आम्ही बोलत बसलो आणि ग्लास जरा कोमट व्हायला लागला, साधारण १० अंशांवर आला असेल, तेव्हा धान्य खरं उघडलं. पहिल्या पाच मिनिटांत मी तिला सरासरी म्हणणार होतो.

ताईने खिशातून स्कोअरशीट काढलं, हो ती ते बरोबर घेऊन फिरते. ५० पैकी गुण असतात, सुगंध १२, दिसणं ३, चव २०, माउथफील म्हणजे घोटाचं तोंडातलं वजन आणि गुळगुळीतपणा ५ आणि एकूण मत १०. माझी तक्रार इथेच आहे. राय जे काही करते ते माउथफीलमध्ये करते आणि त्याला गुण किती तर ५! सुगंधाला १२, म्हणजे ज्याने हॉप्स ओतले त्याची चांदी. ताईचं म्हणणं असं की चवीच्या २० मध्ये शेवटची चव येते, तिथे रायला दे की गुण. दिले. पण तरी मला वाटतं हा कागद साध्या आयपीएच्या मापाने शिवलाय. बीजेसीपीत राय आयपीए स्पेशालिटी आयपीएच्या खाली येते, ५.५ ते ८ टक्के अल्कोहोल आणि आयबीयू या मापात ५० ते ७५ कडवटपणा, म्हणजे अपेक्षा हीच की आधी आयपीए असावी आणि मग राय. ठीक आहे, नियम आहे. मी नियमाने ३८ दिले, ताईने ३४, तिला शेवटचा कडवटपणा घशाशी जरा खरखरीत वाटला आणि खरं सांगायचं तर होताच, पण मी माउथफीलला ५ पैकी ५ देऊन सूड घेतला.

दुसरी राय आयपीए याकिमा गावात प्यायलो, तिच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. आंबा, पेरू, अननस असा सगळा बाजार नाकात, छानच लागत होती, पण राय काढून गहू घातला असता तरी कोणाला कळलं नसतं. वर कॅरॅमल माल्टचा, म्हणजे मोड आणून भाजलेल्या बार्लीचा, गोडवा, लोक त्या तांबड्या रंगाला आणि गोडव्यालाच राय समजतात हा पण एक घोळ आहे. राय गोड नाही, उलट शेवट कोरडा करते. ताईने २९ वर सोडली.

तिसरा प्रकार मात्र तोडणीच्या दिवसांतच मिळतो, फ्रेश हॉप. हॉप्स भट्टीत न घालता मळ्यातून थेट बीअर उकळायच्या भांड्यात, तोडल्यापासून २४ तासांच्या आत, आणि पाणी भरलेलं असल्यामुळे सुक्यापेक्षा कितीतरी पट जास्त घालावे लागतात. एका ठिकाणी रायच्या पेल एलमध्ये असे ओले हॉप्स घातलेले मिळाले. हिरवट, गवताळ, कडवटपणा मऊ. आणि गंमत म्हणजे हॉप्स इथे आरडाओरडा करत नसल्यामुळे राय पहिल्याच घोटाला समोर. मला त्या दिवसातली सगळ्यात आवडलेली हीच. ताईला हिरवी चव जास्त झाली, तिच्या मते यात क्लोरोफिल पिल्यासारखं होतं. यावर आमचं रात्री जेवताना पण चालूच होतं, भाऊजी मेनूकार्डात तोंड घालून बसले.

गावात फिरताना बर्ट ग्रांटची आठवण निघाली. १९८२ साली याच याकिमात त्यांनी ब्रूपब, म्हणजे बीअर बनवतात तिथेच ती प्यायला देणारा पब, काढला, दारूबंदी उठल्यानंतरचा अमेरिकेतला पहिला ब्रूपब तोच असं मानतात. ती ब्रुअरी आता नाही. हॉप्सच्या धंद्यात आयुष्य गेलेला माणूस, बाहेर कुठे बीअर प्यायला गेला तर हॉप ऑइलची बाटली खिशात, बीअर मिळमिळीत लागली की एक थेंब टाकायचा म्हणे. ताईचं स्कोअरशीट त्यामानाने बरंच सभ्य.

जाणार असाल तर ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबर संपेपर्यंत जा, तेव्हा तोडणी चालू असते, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी तिथे फ्रेश हॉप एल फेस्टिवल असतो. दक्षिणेला टोपेनिशला हॉप म्युझियम आहे आणि गावभर भिंतींवर म्युरल्स, न पिणाऱ्या माणसाला तिथे सोडून द्या. राय आयपीए कॅनमध्ये घेणार असाल तर कॅनच्या बुडावरची तारीख बघा, हॉप्सचा वास सगळ्यात आधी उडतो.

ह्याच तारखेवरून निघताना आमची पैज लागलीय. मॉक्सीच्या त्या रायचे दोन कॅन घेतले, एक ताईने त्याच आठवड्यात उघडायचा आणि दुसरा तीन-चार महिने फ्रीजमध्ये ठेवायचा. माझं म्हणणं, हॉप्स बसले की राय वर येईल आणि ३८ चे ४० होतील. ताई म्हणते, ओल्या पुठ्ठ्याचा वास येईल आणि तू तोच राय म्हणून पिशील. भाऊजींचं म्हणणं एवढंच की फ्रीजचा खालचा कप्पा त्यांचा आहे, कॅन वर ठेवायचा.