राष्ट्राध्यक्षाला कुणाची परवानगी लागते?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. 2025 च्या जूनमध्ये स्थलांतरितांच्या धरपकडीविरुद्ध निदर्शनं चालू असताना इथे लॉस एंजेलिसमध्ये लष्कर उतरलं आणि सांगलीहून आत्याचा फोन आला. "अगं, बाहेर पडू नकोस. पण मला एक सांग, राष्ट्राध्यक्ष आपल्याच माणसांवर असं सैन्य धाडू शकतो?" तेव्हापासून हा प्रश्न मला महाराष्ट्र मंडळात विचारला गेला, भिशीत विचारला गेला, सुट्टीत भारतात आले तेव्हा तर रोज कुणी ना कुणी विचारत होतं. दर वेळी मी "हो, पण..." एवढं म्हणते आणि बोलणं दुसरीकडे वळतं. त्या 'पण'च्या पुढचं आज सांगते.

आधी आपल्याकडचं चित्र बाजूला ठेवा. आपले राष्ट्रपती तिन्ही दलांचे सरसेनापती असले तरी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. दंगल पोलिसांच्या हाताबाहेर गेली की लष्कराला बोलावणं बहुधा खालून जातं, मुलकी प्रशासनाकडून. 1992-93 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर जवान दिसले ते प्रशासनाच्या मदतीला आलेले. अमेरिकेत बोलावणं खालून येऊ शकतं, तसाच हुकूम वरूनही येऊ शकतो, आणि तो एकटा माणूस देऊ शकतो.

इथे 1878 चा पॉसी कोमिटॅटस नावाचा कायदा आहे. सैन्याने पोलिसांचं काम करू नये, असं तो सांगतो. पण संविधानाने किंवा संसदेच्या कायद्याने स्पष्ट मुभा दिली असेल तर गोष्ट वेगळी. ती मुभा 1807 च्या इन्सरेक्शन अ‍ॅक्टमध्ये, म्हणजे बंडाळीच्या कायद्यात आहे. राज्याने मदत मागितली तर राष्ट्राध्यक्ष सैन्य पाठवू शकतो. न मागताही पाठवू शकतो: केंद्राचे कायदे नेहमीच्या मार्गाने राबवणं अशक्य झालंय असं त्याला वाटलं तर, किंवा लोकांचे संविधानिक हक्क हिरावले जात असताना राज्य त्यांचं रक्षण करत नसेल तर. आधी जमावाला पांगण्याचा जाहीरनामा काढायचा, एवढीच अट. बंडाळी कशाला म्हणायचं, याची व्याख्या कायद्यात नाही. आणि 1827 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की तशी वेळ आली आहे की नाही, हे राष्ट्राध्यक्षानेच ठरवायचं.

हे ऐकून आत्या म्हणाली, "मग काढूनच टाका की हा कायदा." मला तसं म्हणता येत नाही, ते लिटल रॉकमुळे.

1957 चा सप्टेंबर. आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये, तोवर फक्त गोऱ्यांच्या असलेल्या शाळेत, नऊ कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश मिळाला होता. गव्हर्नर ऑर्व्हल फॉबसने राज्याचे नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याच्या राखीव फौजेचे सैनिक, शाळेच्या दारात उभे केले, मुलांना अडवायला. (इथला गव्हर्नर आपल्या राज्यपालासारखा नेमलेला नसतो, तो लोकांनी निवडून दिलेला असतो आणि राज्याचं गार्ड एरवी त्याच्याच हुकमात असतं.) एलिझाबेथ एकफर्ड ही पंधरा वर्षांची मुलगी त्या दिवशी एकटीच आली, आणि शिव्याशाप देणाऱ्या जमावातून तिला चालावं लागलं. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरने हाच बंडाळीचा कायदा वापरला. लष्कराच्या 101 व्या एअरबोर्न डिव्हिजनचे सुमारे हजार सैनिक आले, गार्डही गव्हर्नरच्या हातून काढून केंद्राच्या हुकमात घेतलं. 25 सप्टेंबरला ती नऊ मुलं सैनिकांच्या पहाऱ्यात शाळेच्या पायऱ्या चढली. तो फोटो पाहिला की अजूनही माझे डोळे भरून येतात. कायदा नसता तर ती मुलं कुणाच्या भरवशावर आत गेली असती?

पण केंद्राचे कायदे राबवायचे म्हणूनच 1894 मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँडने रेल्वे कामगारांचा पुलमन संप मोडायला शिकागोत सैन्य आणलं, आणि तेही इलिनॉयचे गव्हर्नर ऑल्टगेल्ड नको नको म्हणत असताना.

शिवाय सैनिकाला जे शिकवलेलं असतं, तेच तो करतो. 1992 ची लॉस एंजेलिसची दंगल घ्या. तेव्हा गव्हर्नरनेच मदत मागितली होती. कॉम्प्टन भागात पोलीस एका घरापाशी गेले, सोबत मरीन, म्हणजे नौदलाच्या जोडीच्या लढाऊ दलाचे सैनिक. पोलिसाने ओरडून सांगितलं, "कव्हर मी." पोलिसांच्या भाषेत त्याचा अर्थ बंदूक रोखून लक्ष ठेवा. मरीनच्या भाषेत अर्थ गोळीबार करा. काही क्षणांत त्या घरावर दोनशेच्या वर गोळ्या झाडल्या गेल्या. आत मुलं होती. कुणाला लागलं नाही, हे केवळ नशीब.

2025 मध्ये ट्रम्प यांनी हा बंडाळीचा कायदा वापरला नाही. गार्ड केंद्राकडे घेण्याचं वेगळं कलम वापरलं, कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर न्यूसम यांचा विरोध असताना. 1965 नंतर हे पहिल्यांदाच घडलं. सुमारे चार हजार गार्ड आणि सातशे मरीन आले, आणि संचारबंदी लागली ती डाउनटाउनच्या जेमतेम एका चौरस मैलात. सप्टेंबरमध्ये केंद्रीय न्यायाधीश चार्ल्स ब्रायर यांनी सैन्याचा हा वापर 1878 च्या कायद्याचा भंग असल्याचा निकाल दिला, सरकार अपिलात गेलं.

मला आठवतो तो 1792 चा कायदा, 1807 च्या आधीचा. नेहमीच्या मार्गाने कायदा राबवणं शक्य नाही, असं न्यायाधीशाने कळवल्याशिवाय राष्ट्राध्यक्षाला केंद्राच्या कायद्यांसाठी राज्यांची मिलिशिया, म्हणजे नागरिकांची फौज, बोलावता येत नव्हती. आणि बोलावली तरी संसदेचं पुढचं अधिवेशन सुरू झाल्यावर तीस दिवसांपर्यंतच. 1794 मध्ये पेन्सिल्व्हेनियात व्हिस्कीवरच्या करावरून उठाव झाला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश जेम्स विल्सन यांचं पत्र 4 ऑगस्टला आलं, आणि वॉशिंग्टनने जाहीरनामा काढला तो 7 ऑगस्टला. बोलणी करायला माणसंही पाठवली. मग जवळजवळ तेरा हजारांची फौज निघाली. देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष, ज्याच्यावर सगळ्यांचा विश्वास होता, तोसुद्धा त्या पत्रासाठी थांबला. पुढच्याच वर्षी ती अट कायद्यातून गेली आणि परत आली नाही.

मी आमच्या भागातल्या संसद सदस्याला पत्र लिहिलं, त्यात या दोनच गोष्टी मागितल्या. न्यायाधीशाचं पत्र, आणि मुदत. आत्याने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुझ्या पत्राची एक प्रत मला मराठीत करून पाठव.