हापूसवरचे काळे डाग आणि देठकूज : धुण्या-पॅकिंगमध्ये आम्ही काय बदललं, माझा अनुभव

देवगडकडे आमची हापूसची बाग आहे आणि गेल्या काही सीझनपासून आम्ही माल दलालाकडे न देता पेट्या थेट पुण्या-मुंबईला घरोघरी पाठवतो. असं थेट पाठवलं की फळ पिकेपर्यंतची जबाबदारी आपली. काढताना डाग नाही, पेटी भरताना डाग नाही, आणि गिऱ्हाईकाकडे फळाने रंग धरला की सालीवर काळे ठिपके नाहीतर देठाकडून तपकिरी कूज. वर्षभर राबून पिकवलेलं फळ कुणीतरी कचऱ्यात टाकतंय हे फोनवर ऐकताना फार वाईट वाटायचं.

आमच्याकडे पूर्वीपासून आंबा फडक्याने पुसायचा आणि पेंढ्यात भरायचा, धुणं हा प्रकारच नव्हता. म्हणून आधी वाटलं स्वच्छ धुतला की झालं. पण हे काळे ठिपके पाडणाऱ्या करपा रोगाची बुरशी मोहोरात आणि कैरी लहान असतानाच सालीत शिरते नि गप्प बसते, फळ पिकायला लागलं की मग उठते, त्यामुळे वरून कितीही चोळा, ती निघत नाही. तिला सालीखाली गाठायचं तर गरम पाणी, ५२ अंश सेल्सिअस, १० मिनिटं, आणि हे काढणीपासून २४ तासांच्या आत.

ऐकायला सोपं, पण सगळी कसोटी इथेच लागते. क्रेट बुडवला की पाणी झपकन थंड होतं, थर्मोस्टॅट टाकीच्या कडेला असतो तो भलतंच दाखवतो, म्हणून वेगळा थर्मामीटर क्रेटच्या मधोमध धरायचा, पाणी पंपाने सारखं फिरतं ठेवायचं आणि एका वेळी क्रेट कमीच टाकायचे. तापमान कमी पडलं तर बुरशी जगते, ५५ च्या वर गेलं तर साल भाजते. कोवळं फळ आधी भाजतं, चौदा आणे (सोळा आणे म्हणजे पूर्ण, त्यातले चौदा) तयार असलेलंच घ्यायचं.

गरम पाण्याच्या आधीचं धुणंही नीट हवं, कारण घाण पाणी एका सडक्या फळाची बुरशी सगळ्या लॉटला लावतं. म्हणून सडकं, चिरलेलं फळ टाकीत जाताच कामा नये. पाण्यात १०० पीपीएम (दहा लाख भागांत १०० भाग) क्लोरीन, म्हणजे ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट असेल तर १०० लिटरला २०० मिली. पण चीक आणि माती क्लोरीन खाऊन टाकतात, सकाळी टाकलं म्हणजे दुपारपर्यंत आहे असं नाही, पट्टीने तपासत राहायचं आणि पाणी गढूळ दिसलं की सरळ बदलायचं. पीएच ६.५ ते ७.५ च्या मध्ये हवा, ८ च्या वर क्लोरीनचा जोर कमी होतो आणि फार खाली गेला तर विषारी वायू सुटतो, त्यामुळे आम्ल अंदाजाने ओतायचं नाही. अजून एक, उन्हातून आणलेलं तापलेलं फळ थंड पाण्यात टाकलं तर आतली हवा आकसते आणि देठाच्या जागेतून पाणी आत ओढलं जातं, बुरशीसकट! म्हणून आधी सावलीत निवू द्यायचं आणि पाणी फळापेक्षा जरा कोमट ठेवायचं.

देठकुजीला मात्र माझ्या मते सगळ्यात जास्त फरक पडतो तो देठ राखल्याने. झेल्याने (आंबा उतरवायच्या जाळीच्या काठीने) काढतानाच इंचभर देठ ठेवायचा, मग चीकही सालीवर ओघळत नाही आणि ती जागा उघडी पडत नाही. देठकुजीची बुरशी बागेतल्या वाळक्या काटक्यांवर राहते, त्यामुळे पावसाळ्यानंतर त्या छाटून जाळणं हेही आमच्या दृष्टीने पॅकिंगचंच काम.

गरम पाण्यातून निघालं की फळ पंख्याखाली पूर्ण कोरडं, देठाची खोबणसुद्धा. मगच भोकाच्या कोऱ्या बॉक्समध्ये. जुना, दमट पेंढा आम्ही बंदच केला.

आता डागांचे फोन खूपच कमी येतात. साक्याचे अजून येतात, पण साका हा बुरशीचा रोग नाही, गराचाच आतला बिघाड आहे, तो ना धुण्याने जात ना गरम पाण्याने, आणि बाहेरून दिसतही नाही. हे आम्ही हल्ली पेटीतल्या चिठ्ठीवर लिहून पाठवतो, आणि साका निघालेलं फळ बदलून देतो.