४९ सेंट आणि पाडलेली चौकट

१४ मे २०१७, रविवार. क्रीडा डेस्कवर मी एकटाच. फुटबॉलच्या वाट्याला पानाच्या तळाशी दोन कॉलम आले होते. फेयेनूर्ड १८ वर्षांनी डच लीग जिंकणार का, हे शेवटच्या सामन्यावर ठरणार होतं. आयाक्सवर आघाडी फक्त एका गुणाची, आणि आदल्याच रविवारी हा संघ एक्सेलसियरकडून ०-३ असा हरलेला. डेडलाइनच्या भीतीने मी हरल्याची कॉपी आधीच लिहून ठेवली होती. मथळाही तयार : ‘फेयेनूर्डचा घास पुन्हा हुकला’. असं सगळेच करतात, कबूल कोणी करत नाही.

सोबतीला एक चौकट केली होती, कारकिर्दीच्या शेवटी जुन्या संघात परतणाऱ्यांवर. तिचा सूर जरा कुत्सितच होता. शाल-श्रीफळ घ्यायला येतात हे लोक, असं माझं ठाम मत. पुरावा म्हणून जेरी राइस. अमेरिकन फुटबॉलमधला हा दिग्गज २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सशी केवळ निवृत्त होण्यापुरता करारबद्ध झाला. कराराची रक्कम १९,८५,८०६.४९ डॉलर. १९८५ हे संघात आल्याचं साल, ८० जर्सीचा नंबर, ६ म्हणजे २००६ हे निवृत्तीचं साल आणि ४९ संघाच्या नावातले. हातात एक सेंटही पडायचा नव्हता. प्रुफं वाचणाऱ्यांनी ‘.४९’भोवती लाल गोल करून समासात लिहिलं, ‘हे काय?’

सहा वाजता सामना सुरू झाला. पहिलं मिनिटही पुरं झालं नव्हतं आणि डर्क काउटने गोल केला. (काउट, कायट की कुइट, यावर डेस्कवर वर्षानुवर्षं वाद आहे.) वय ३६. २००६ मध्ये फेयेनूर्ड सोडून लिव्हरपूलला गेलेला, तिथून फेनरबाचेला, २०१५ मध्ये परत. थोड्याच वेळात त्याने हेडरवर दुसरा गोल केला. सामना संपत आला असताना पेनल्टीवर तिसरा. ३-१. दोन मोसम घाम गाळून, कॅप्टनची पट्टी दंडाला बांधून हा माणूस संघाला विजेतेपद मिळवून देत होता, आणि मी त्याला शाल-श्रीफळवाल्यांत बसवला होता.

घास हुकल्याची कॉपी डिलीट केली. बातमी वीस मिनिटांत नव्याने लिहिली, चौकटीचा सूर बदलला, राइसच्या वर काउटला घेतलं. तेवढ्यात सर मागे येऊन उभे राहिले.

“हा निवृत्त झालाय का?”

“नाही सर, पण होईलच. याहून चांगला शेवट कुठला मिळणार?”

“होईल तेव्हा छापू. काढ ते.”

काउट काढल्यावर चौकटीत राहिला फक्त राइस, आणि त्या दिवशी राइसचं काही निमित्त नव्हतं. अख्खी चौकट पडली. त्या जागी स्पर्धांच्या निकालांचा तक्ता गेला.

बुधवारी काउटने निवृत्ती जाहीर केली. मी उड्या मारत सरांकडे गेलो. पानावर जागा होती आठ ओळींची. सात ओळींत काउट बसवला. आठवीत राइसचे ४९ सेंट कोंबून पाहिले, मावले नाहीत.