पंखा बंद पडलाय का?

"काका, याचा पंखा बंद पडलाय का?"

मुंबई विमानतळाजवळच्या जरीमरीत मित्राच्या गच्चीवर एक पोरगं माझ्या कॅमेऱ्यात डोकावत होतं. स्क्रीनवर एटीआर ७२, म्हणजे पंख्याचं (प्रोपेलरचं) छोटं प्रवासी विमान, रनवे २७ वर उतरायच्या बेतात. शटर १/२००० सेकंद, त्यामुळे प्रोपेलरची सहाच्या सहा पाती मोजून घ्यावीत इतकी स्पष्ट. मी आपला स्वतःवरच खूश!

आणि खरंच, पंखा बंद पडलेलं विमान हवेत लटकवून ठेवल्यासारखं दिसत होतं.

मुकाट शटर हळू करून १/१२५ वर आणलं. पुढची दोन एटीआर हात हलून वाया गेली. तिसऱ्यात पंख्याचं धूसर चक्र मस्त आलं. दाखवायला वळलो, तर पोरगं जेवायला पळालेलं.

इतकी वर्षं 'शार्प, शार्प' करत मी नक्की काय टिपत होतो? तुम्ही प्रोपेलरला शटर किती ठेवता?